प्लेटमधल्या पेशी आणि डबीतली कॅप्सूल

प्रश्न : ताई, माझी भाची बायोटेक्नॉलॉजी शिकते. तिच्या प्रोजेक्टमध्ये वनस्पतीचा अर्क दिलेल्या पेशी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमधून वाचल्या. ते ऐकल्यापासून मी अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल घ्यायला लागले. डबीवर 'व्हिटॅमिन सीच्या कित्येक पट ताकद' असं छापलंय. यजमानांची केमोथेरपी चालू आहे. त्यांनाही द्यावी का?
– एक वाचक

उत्तर : यजमानांचं आधी. त्यांना ही कॅप्सूल देऊ नका. रेडिएशन आणि केमोथेरपीची काही औषधं गाठीतल्या पेशींत फ्री रॅडिकल (पेशीचे भाग खराब करणारे आक्रमक रेणू) तयार करूनच त्यांना मारतात. त्यात वरून भरमसाट अँटिऑक्सिडंट, म्हणजे या रेणूंना थोपवणारं द्रव्य, गेलं तर उपचाराचीच धार कमी व्हायची भीती. डबी ऑन्कॉलॉजिस्टसमोर ठेवा आणि ते म्हणतील तसं करा. या बाबतीत माझंही ऐकू नका.

आता भाचीचा प्रयोग. तो खोटा नाही, माझी अर्धी नोकरी त्यातच गेली. ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट, तळाला चिकटून पसरलेल्या पेशी. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे अशाच आक्रमक रेणूंचा मारा, देण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की त्या आक्रसतात, गोल होतात, तळ सोडून तरंगायला लागतात. आधी अर्क दिलेल्या खळग्यांत मात्र पेशी होत्या तशाच पसरलेल्या. हे पाहून फार बरं वाटतं, त्यातून प्रोजेक्ट द्यायची तारीख जवळ आली असेल तर विचारूच नका. पण भाचीला एक विचारा : पेरॉक्साइड टाकण्याआधी अर्क धुऊन काढला होता का? नसेल, तर अर्काने बाहेरच्या द्रावणातच पेरॉक्साइडचा निकाल लावला असेल आणि पेशींपर्यंत फारसं काही पोचलंच नसेल. उलटही घडतं. ग्रीन टीमधलं ईजीसीजी हे अँटिऑक्सिडंट त्या द्रावणात स्वतःच ऑक्सिडाइज होतं आणि वर पेरॉक्साइड तयार करतं!

धुऊन काढल्यावरही पेशी तगल्या, तर खरी गंमत तिथे आहे. कारण मग बदल पेशीच्या आत झालाय. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन घ्या. १९९२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या पॉल तलालय यांच्या गटाने ते वेगळं काढलं. हे फ्री रॅडिकलशी स्वतः फारसं झुंजत नाही. पेशीत एनआरएफ-२ नावाचं प्रथिन असतं. एरवी कीप-१ हे दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि नष्ट व्हायला धाडतं. सल्फोराफेन कीप-१मधल्या सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाला जाऊन चिकटतं, तशी ही पकड सुटते. मोकळं झालेलं एनआरएफ-२ केंद्रकात शिरतं आणि संरक्षणाची जनुकं चालू करतं. ग्लुटाथायोन हे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट बनवणारी विकरं (एन्झाइम), विषारी रेणू निकामी करणारी विकरं, सगळी वाढतात. मॉक ड्रिलचा भोंगा वाजावा तसा हा प्रकार. पेशीला थोडा त्रास होतो, म्हणूनच ती तयारीला लागते.

फ्री रॅडिकलशी थेट लढाईचा हिशेब तर फारच एकतर्फी आहे. पेशीतलं स्वतःचं ग्लुटाथायोन मिलिमोलर पातळीला असतं (मोलर हे द्रावणातल्या रेणूंच्या प्रमाणाचं माप). आपण खाल्लेल्या बहुतेक पॉलिफेनॉलची (वनस्पतींतल्या अँटिऑक्सिडंट रेणूंची) रूपं आतडं आणि यकृत बदलून टाकतं, आणि रक्तात जे पोचतं ते मायक्रोमोलरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. म्हणजे हजारपटीचा फरक.

मग 'जास्त घेतलं तर जास्त फायदा' हे गणित कुठून आलं? भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी आढळत होता, त्यावरून त्यांतल्या बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांवर आशा बसली. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला तो धक्कादायक : रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत हा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. तुम्ही धूम्रपान करत नसाल, आणि तुमच्या कॅप्सूलमध्ये काय आहे ते तुम्ही लिहिलेलंही नाही. तरी भाजीतून मिळणारं आणि डबीतून मिळणारं एकच, असं मानू नका.

डबीवरच्या 'कित्येक पट'चं म्हणाल, तर असे आकडे परीक्षानळीतले असतात. पदार्थांच्या अशा ताकदीची 'ओरॅक' नावाची यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढूनच टाकली. आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी मेळ बसत नव्हता आणि जाहिरातींत त्यांचा सर्रास गैरवापर चालला होता.

तेव्हा कॅप्सूल बंद केलीत तरी काही बिघडणार नाही. ती डॉक्टरांनी दिलेली असेल तर मात्र आधी त्यांना विचारा. रंगीबेरंगी भाज्या, फळं नेहमीसारखी चालू ठेवा. ब्रोकोली आवडत असेल तर चिरून लगेच शिजवू नका, अर्धा-पाऊण तास तशीच ठेवा. अख्ख्या भाजीत सल्फोराफेन जवळजवळ नसतंच. चिरल्यावर मायरोसिनेज हे विकर मोकळं होतं आणि ते तयार करतं. उकळत्या पाण्यात हे विकर टिकत नाही. आधीच उकडून झाली असेल तर वरून चिमूटभर कच्च्या मोहरीची पूड भुरभुरा, मोहरीतही तेच विकर असतं.