वाचक विचारतात: पाहणीचं जुनं दफ्तर

प्रश्न : आत्यांनी १९५५-५६ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका गावाची पाहणी केली होती. घरोघर भरलेले सव्वाशे-दीडशे फॉर्म आणि चार वह्या ट्रंकेत आहेत. स्कॅन करून कागद रद्दीत दिले तर चालेल? (एक वाचक, वाई)

उत्तर : रद्दीत मुळीच देऊ नका. आणि स्कॅनरकडे वळण्याआधी गठ्ठे ज्या क्रमाने बांधलेत, तो क्रम सांभाळा. आडनावांप्रमाणे लावण्याचा मोह होतो, पण फॉर्म बहुधा आळीआळीने भरलेले असतात. कोणाचं घर कोणाशेजारी होतं, हे त्या क्रमातच आहे. एकदा विस्कटला की तो पुन्हा जुळत नाही. गठ्ठा सोडण्याआधी फोटो काढा आणि कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने गठ्ठा, फॉर्म, पान असा क्रमांक घाला : ३/१७/२.

गंजलेली टाचणी ओढू नका, कागद तिथेच फाटतो. खाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवा आणि मग टाचणी हळूच सोडवा. सेलोटेप आणि लॅमिनेशन नकोच. टेपचा गोंद कागदात मुरून पिवळा डाग पडतो. कसर लागलेला गठ्ठा इतरांपासून वेगळा ठेवा.

स्कॅन रंगीत करा, ३०० डीपीआयवर. पुसट पेन्सिलीसाठी ४००. काळ्या-पांढऱ्या प्रतीत निळ्या शाईतली नंतरची दुरुस्ती ओळखूच येत नाही. प्रती तीन, आणि तिन्ही वेगळ्या ठिकाणी. १९७० च्या एप्रिलमध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या कर्नाटकातल्या गावाच्या, मूळ टिपणांवरून नीट लावून तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या, कारण त्या एकत्रच होत्या. मूळ टिपणं दिल्लीत होती म्हणून वाचली.

आता आकड्यांकडे या. खरा घोळ संगणकात माहिती भरताना होतो. १ एप्रिल १९५७ पूर्वी हिशेब रुपये-आणे-पैत होता. फॉर्मवरचे ४-८-० म्हणजे साडेचार रुपये; भरणारा सर्रास ४.८० लिहितो. जमिनीचंही तसंच : २-२० म्हणजे २ एकर २० गुंठे, अर्थात अडीच एकर. पायली आणि मण गावागणिक वेगळे असत, म्हणून धान्याचे आकडे लगेच किलोत बदलू नका. मूळ माप एका रकान्यात जसंच्या तसं ठेवा, रूपांतर शेजारच्या रकान्यात. फॉर्मवर नुसते १, २, ३ असे संकेत असतील तर त्यांची यादी वह्यांत शोधा. ती सापडली नाही, तर निम्मे फॉर्म मुके आहेत असं समजा.

दफ्तर द्यायचं तर पाहणी ज्या संस्थेसाठी झाली तिला आधी विचारा, नंतर विद्यापीठाच्या ग्रंथालयाला. कर्ज, जात, घरातली भांडणं असं बरंच त्यात असेल, आणि ती माणसं किंवा त्यांची मुलं आजही गावात असतील. म्हणून अभ्यासकांसाठीच्या प्रतीत नावांऐवजी क्रमांक द्या, नावांची यादी वेगळ्या लिफाफ्यात ठेवा. तो लिफाफा किती वर्षं बंद राहील, हे देणगीपत्रात लिहून घेतल्याशिवाय ट्रंक हातची सोडू नका.