गळका पूल आणि मुदत ठेव

घरच्या स्विमिंग पूलचं पाणी रोज साधारण दोन सेंटीमीटर उतरतं. कंत्राटदार म्हणतो, सगळ्या टाइल्स उखडून वॉटरप्रूफिंग नव्याने करा. त्यासाठी अडीअडचणीची मुदत ठेव मोडायची की पर्सनल लोन काढायचं, असं तुम्ही विचारलंय.

सध्या दोन्ही नको. याचं कारण तुम्हीच जाता जाता लिहून गेलाय. दहा दिवस बाहेरगावी होता, पंप बंद होता, आणि परत आलात तेव्हा पाणी स्किमरच्या (पूलच्या भिंतीतला, वरचं पाणी आणि कचरा पंपाकडे ओढून घेणारा कप्पा) तोंडाखाली दोन बोटांवर होतं. रोजच्या हिशेबाने वीस सेंटीमीटर जायला हवं होतं, गेलं निम्मंच. तळाला तडा असता तर पाणी तिथे कशाला अडलं असतं? माझा संशय स्किमरवर आहे: त्याचं प्लास्टिक काँक्रीटला जिथे मिळतं त्या सांध्यावर, नाहीतर त्याच्या पाइपवर. अशा वेळी तळ उखडणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

खात्री करायला एक बादली पुरते. ती पूलच्या पायरीवर ठेवा आणि आतलं-बाहेरचं पाणी एका पातळीत येईल एवढी भरा. दोन्ही बाजूंना खूण करा. आपोआप पाणी भरणारा व्हॉल्व्ह असेल तर बंद ठेवा, नाहीतर सगळा खटाटोप फुकट. 24 तासांनी बादलीत जेवढं उतरलं तेवढं वाफ होऊन गेलं. पूलमध्ये त्याहून जास्त उतरलं असेल ती गळती. हे एकदा पंप चालू ठेवून करा, एकदा बंद ठेवून. चालू असताना गळती वाढली, तर पाणी परत आणणाऱ्या पाइपांकडे बघायचं. मग पंप बंद करून, पाणी निवळल्यावर, सिरिंजने स्किमरच्या सांध्यापाशी गडद रंग सोडा. फट असेल तर रंगाची रेघ आत ओढली जाताना दिसते.

आता पैशाचं. तुमचा पूल 8 बाय 4 मीटर, म्हणजे एक सेंटीमीटर पाणी म्हणजे 320 लिटर. वाफेचे पाच मिलिमीटर धरले तरी गळती रोज 480 लिटर, महिन्याला 14,400. त्याला तुमचा पाण्याचा दर लावा, वाहून गेलेलं क्लोरीन मिळवा आणि कोटेशनला त्या रकमेने भागा. खर्च भरून यायला किती महिने लागतील ते कळेल. मात्र नुसतं पाणी भरत राहणंही स्वस्त नाही. गळतं पाणी खालची माती धुऊन नेतं.

सांधाच निघाला तर पाण्याखाली लावायचं एपॉक्सी महिन्याच्या खर्चातून येईल. पाइप असेल तर प्रत्येक लाइन बंद करून दाबाची चाचणी करून घ्या, पण टाइल्स विकणाऱ्याकडून नको. तपासणीची फी वेगळी द्यावी लागली तरी चालेल. विम्याची पॉलिसीही काढून वाचा. हळूहळू होणारी गळती बऱ्याचदा वगळलेली असते.

आणि कुणी म्हणालं म्हणून पूल रिकामा करू नका. जमिनीखालचं पाणी वर असेल तर रिकामी टाकी उचलली जाते, आणि तो खर्च तुमच्या ठेवीतही बसणार नाही.

टाकीलाच तडा निघाला, तरी ठेवीला हात लावा असं मी म्हणणार नाही. ती आजारपणासाठी आणि नोकरी गेली तर आहे. पोहणं वर्षभर थांबू शकतं. बादलीचे दोन्ही आकडे कळवा, मग कोटेशनकडे बघू.