नळी जांभ्याच्या भिंतीकडे

कुडाळ,
आषाढातली संध्याकाळ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा बाजारात तुझे बाबा भेटले. म्हणाले, ‘पोरगी सोमवारपासून तुमच्या जागेवर उभी राहते.’ माझी जागा म्हणजे दुकानाची मागची खोली. पुढच्या दालनात बॅटी, कॅरम, व्हॉलीबॉलची जाळी आणि मागे बंदुकांचा काउंटर. तिथे मी एकतीस वर्षं काढली. बातमी ऐकून आनंद झाला, आणि रात्री झोप आली नाही. म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं तर तू ‘हो काका, हो काका’ करशील. कागदावरचं परत वाचता येतं.

त्या खोलीची मागची भिंत बघितलीस? जांभ्याची आहे आणि चांगली जाड आहे. तिच्यावर खांद्याच्या उंचीवर चुन्याचा एक टिपका आहे. तो मी काढलेला आहे. बंदूक हातात आली की माणूस ती खांद्याला लावून बघतोच. त्यात त्याची चूक नाही, दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा लाकडी भाग, आपल्या मापाचा आहे की नाही ते खांद्याला लावल्याशिवाय कळत नाही. पण लावताना तो उजेडाकडे वळतो, म्हणजे दाराकडे, आणि दाराबाहेर रस्ता आहे. एसटीची वाट बघणारी माणसं तिथे उभी असतात. त्याला ‘इकडे धरू नका’ म्हटलंस तर तो दुखावतो. त्याऐवजी नळी आधीपासून भिंतीकडे ठेवूनच बंदूक त्याच्या हातात दे आणि म्हण, ‘काका, त्या पांढऱ्या टिपक्यावर नेम धरून बघा, नळीच्या टोकावरची नेमाची माशी डोळ्यासमोर नीट येते का.’ त्याला माप कळतं, नळी भिंतीकडे राहते आणि कोणाचा अपमान होत नाही. गिऱ्हाइकाशी चांगलं वागणं आणि बंदूक सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत असं तुला कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. त्या खोलीत ते एकच काम आहे.

बंदूक मांडणीवरून काढताना बोट चापाच्या कडीबाहेर, नळीवर सरळ. उघडायची, काडतुसं बसतात ती दोन्ही घरं डोळ्यांनी बघायची आणि मग करंगळी घालून चाचपायची, कारण संध्याकाळी त्या खोलीत उजेड कमी असतो आणि डोळा फसतो. मग तशीच उघडी गिऱ्हाइकापुढे धरायची, म्हणजे तोही बघेल. बंद करायची तर त्याने करायची. परत घेताना पुन्हा पहिल्यापासून सगळं. तुझ्या डोळ्यांदेखत ती एक मिनिट त्याच्या हातात होती, तरीही.

हे मी कसं शिकलो ते आजवर फार थोड्यांना सांगितलंय. नोकरीचं चौथं वर्ष असेल. निवडणूक लागली होती. आचारसंहितेच्या काळात परवानाधारकांना बंदुका जमा करायला सांगतात. कोणी पोलीस ठाण्यात देतो, कोणी परवानाधारक दुकानात ठेवून पावती घेतो. त्या आठवड्यात दुकानात रीघ लागलेली. एक बागायतदार गोणपाटात गुंडाळून दुनळी घेऊन आले, बाहेर घोडे असलेली जुनी. सोबत सहा-सात वर्षांचा नातू. मी विचारलं, ‘भरलेली नाही ना?’ ते म्हणाले, ‘रिकामीच आसा, काय एक भिती नाय.’ मी त्यांच्या शब्दावर गेलो. पावतीवर बंदुकीची अवस्था लिहायची असते, म्हणून घोडा नीट पडतो का ते बघायला उजवा घोडा चढवला आणि चाप ओढला.

बार वर गेला. कौलं फुटून तुकडे टेबलावर पडले, पोरगं स्टुलावरून खाली पडून रडायला लागलं. छर्रे त्याच्या डोक्यावरून गेले होते. नळी वर होती ती माझ्या शिस्तीने नव्हे, गोणपाट सोडताना तशी आली म्हणून. बागायतदार खोटं बोलले नव्हते. आदल्या दिवशी माकडं काजूत उतरली म्हणून त्यांच्या मुलाने ती भरून ठेवली होती आणि सांगायचं राहिलं होतं. चूक माझी होती. विचारणं म्हणजे बघणं नव्हे, हे मला कळायला हवं होतं.

तेव्हापासून मी बाहेरून आलेल्या बंदुकीबद्दल ‘भरलेली आहे का’ हा प्रश्नच सोडून दिला. ती भरलेलीच आहे असं धरायचं, भिंतीकडे वळवायची आणि उघडायची. कोणी म्हणेल, ‘माझ्यावर विश्वास नाय?’ तर हसून सांग, ‘विश्वास आहे, पण माझ्या हाताला ही सवय लागलीय.’ आजवर यावर कोणी भांडलेलं नाही.

ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची, आली तर ती उघडून बघता येत नाही, हे लक्षात ठेव. आपल्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका अजून घरोघरी आहेत. आधी तिच्या कानावर, म्हणजे घोडा पडतो त्या बोंडावर, केप (ठिणगी देणारी छोटी टोपी) नाही ना ते बघायचं. मग गज नळीत अलगद सोडायचा, नळीच्या तोंडाशी गजावर नखाने खूण धरायची, गज बाहेर काढून नळीच्या बाजूने लावायचा. टोक पार कानापर्यंत पोचलं तर रिकामी. चार बोटं अलीकडे थांबलं तर आत दारू आणि छर्रे बसलेले आहेत. हे करताना तोंड, हात, छाती नळीसमोर आणायची नाही. आणि भरलेली निघाली तर तू काही करायचं नाहीस, बंदुका दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींना बोलवायचं. त्यात कमीपणा नाही.

काडतुसं आणि बंदूक एका वेळी काउंटरवर ठेवू नकोस. आधी बंदूक मांडणीत, मग कपाट उघडून काडतुसं. बोअर म्हणजे काय असं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा नीट सांगत जा, लोकांना ते आवडतं. नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं तर ती बारा बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. वीस बोअरचं काडतूस त्यामुळे बारा बोअरच्या घरात अडत नाही, सरळ पुढे घसरून नळीत जाऊन बसतं. उघडून बघणाऱ्याला घर रिकामं वाटतं, तो बाराचं काडतूस घालतो, चाप ओढतो, आणि नळी त्याच्या डाव्या हाताशी फाटते. म्हणूनच वीस बोअरची काडतुसं बहुधा पिवळी करतात. आजोबांच्या ट्रंकेतली सरमिसळ काडतुसं घेऊन कोणी आलं, तर एकेकाच्या पितळेवरचा आकडा वाच आणि वेगळी काढ. घाई करू नकोस.

आता पावसाळ्याचं, कारण तू ऐन पावसात लागलीस. आपल्या खाऱ्या दमट हवेत लोखंड आठवड्यात तांबडं होतं. कागदी काडतुसं ओल धरून फुगतात. ती घरात अडकतात, ठोकून बसवायला जाणारा माणूस हात गमावतो. तशी काडतुसं दिसली तर नवी घ्यायला सांग. त्याला वाटेल तू धंदा करतेस, वाटू दे. बार न झालेल्या काडतुसाबद्दलही सांगत जा. चाप ओढला आणि काही झालं नाही तर लगेच उघडायची नाही, नळी तशीच सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबायचं, कधीकधी बार उशिरा होतो. आणि कुंभारीण माशी. ही गोष्ट कुठल्या छापील पत्रकात मिळणार नाही. चार-सहा महिने पडवीत टांगलेल्या बंदुकीच्या नळीत ती मातीचं घर करते. बाहेरून काही दिसत नाही. तशा नळीतून बार काढला तर नळी फुटते. पावसाळ्यानंतर काडतुसं न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारायचो, ‘नळीतून आरपार उजेड बघितलात?’ निम्मे जण गप्प बसायचे. अशांना फडकं आणि तेलाची बाटली दे, आणि कसं पुसायचं ते उभं राहून दाखव.

कागदपत्रांचं मालक तुला शिकवतीलच, थोडक्यात लिहितो. परवान्यावरचा फोटो आणि समोरचा चेहरा, मुदत, विशिष्ट ओळख क्रमांक, बंदुकीचा प्रकार आणि बोअर, काडतुसांची मर्यादा, हे सगळं दर वेळी, ओळखीच्या माणसाचंही. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेली धरून. त्यावरून तुझ्यापुढे माणसं रडतील. आजोबांची बंदूक ही त्या घरात देव्हाऱ्याच्या खालोखालची वस्तू असते. नियम सांगताना आवाज खाली ठेव, ‘ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विचारा’ एवढ्यावर हाकलू नकोस, कुठला कागद लागेल ते चिठ्ठीवर लिहून दे.

बापाचा परवाना घेऊन मुलगा काडतुसं मागायला येईल. ‘बाबांक बरा नाय, माकां द्या.’ द्यायची नाहीत. दुरुस्तीला बंदूक आणायची असेल तर परवानाधारकाच्या लेखी अधिकारावर दुसरा माणूस आणू शकतो, तेवढी सोय १९५९ च्या शस्त्र कायद्यातच आहे. तो कागद मागून घे. गिऱ्हाइकाच्या तोंडाला दारूचा वास आला तर कागद कितीही बरोबर असोत, काउंटर बंद. भांडलाच तर मालकांचं नाव सांग.

याहून अवघड माणूस तो, ज्याचे कागद बरोबर असतात आणि चेहरा नसतो. एकदा एक जण आला. पस्तिशीचा, ओळखीचा. फक्त दोन काडतुसं मागितली. भाव केला नाही, माकडांना शिव्या दिल्या नाहीत, बागेचं काही बोलला नाही. काजू-आंबावाला माणूस माकडांवर बोलत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय. मी म्हटलं, ‘कपाटाची किल्ली मालकांकडे आहे, चहा घे तोवर.’ किल्ली माझ्या खिशात होती. चहा घेता घेता तासभर बोलला. कर्ज, घरातलं काय काय. मी त्याच्या भावाला बोलावून घेतलं आणि त्या दिवशी काडतुसं दिली नाहीत. तो आजही मला बाजारात भेटतो. असं कोणी समोर आलं तर विक्री थांबव, एकटं सोडू नकोस, सरळ विचार, ‘जिवाचं काही मनात आहे का?’ विचारल्याने कोणाच्या मनात नवीन काही भरत नाही. टेलि-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर फोनशेजारी लिहून ठेव.

एअरगनचं मला मनापासून वाईट वाटतं. गणपतीत चाकरमानी येतात आणि पोरांना खेळणं म्हणून घेऊन जातात. २० जूलच्या आतल्या, ४.५ मिलिमीटरच्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून त्यांना ती टिकलीच्या पिस्तुलाची बहीण वाटते. त्या छऱ्याने डोळा जातो. रानातल्या पाखरावर ती चालवणं ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार आहे. हे गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधी सांगायचं, नंतर नव्हे. ओळखपत्राची प्रत घेऊन वहीत नोंद करायची. ऐकून कोणी न घेता गेला तर जाऊ दे.

पण पोराला खरंच नेमबाजी शिकायची असेल तर त्याच्यासाठी वेळ काढ. घाटावरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य आणल्यापासून आईबाप येऊन ‘तसली’ रायफल मागतात. ती पॉइंट टू-टू इंची नळीची, तिला परवाना लागतो, आणि सुरुवात तिथून होत नाही, १० मीटर एअर रायफलने होते. तू स्वतः ती खेळलीस. दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं हे तू सांगशील तेव्हा पोराचे डोळे कसे होतात बघ. आणि आधी क्लबची रायफल वापर, विकत नंतर, असं सांग. मालक नाराज होणार नाहीत, ते गिऱ्हाईक पुढे वीस वर्षं येतं.

तुला बघून काही जण विचारतील, ‘गो चेडवा, दुकानात बापयो कोण नाय?’ म्हणजे पुरुष माणूस कोणी नाही का. उत्तर देऊ नकोस. बंदूक घे, भिंतीकडे वळव, उघड, करंगळी घाल, त्यांच्यापुढे धर. त्यानंतर ते तुलाच विचारतील.

एक काम आहे. या महिन्यात परवान्याच्या नूतनीकरणाआधी बंदूक तपासून घ्यायला एक म्हातारे येतील, पांढरं धोतर, डाव्या कानात भिकबाळी. ऐकू कमी येतं, हात कापतात. रिक्षातून उतरल्यावर बंदूक त्यांच्या हातातून लगेच काढून घेऊ नकोस, त्यांना ते लागतं. शेजारी चालत ये, नळीच्या मागच्या बाजूने. खुर्ची भिंतीकडे तोंड करून मांडून ठेव. आधी पाणी दे. मग म्हण, ‘आजोबा, द्या मी धरते.’

तुझा,
काका