स्वसंरक्षणासाठी कोणता बोअर? .३२ च्या चौकटीतला विचार

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: परवाना मंजूर झाला आहे, घर गावाबाहेर द्राक्षबागेत आहे, अमेरिकी व्हिडिओ पाहून ९ मिमी आणि .४५ यांपैकी कोणता बोअर (म्हणजे नळीचा आतला व्यास; .४५, .३२ हे आकडे इंचातले) घ्यावा याचा विचार चालू आहे, आणि दुकानदार मात्र .३२ दाखवतो आहे. ते ‘पुरेसे’ आहे का? मी वीस-बावीस वर्षे परवानाधारक आहे आणि त्याहून अधिक काळ रायफल क्लबात नेम धरतो आहे, तेवढ्या अनुभवावर लिहितो.

पहिली गोष्ट ही की ९ मिमी विरुद्ध .४५ हा वाद आपल्यासाठी उद्भवतच नाही. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत, ज्या पिस्तुलात वा रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ ची रिमवाली (बुडाशी बाहेर आलेली कड असलेली) काडतुसे, अथवा सैन्य-पोलिसांची ९ मिमी काडतुसे बसून उडू शकतात, ती हत्यारे प्रतिबंधित बोअरमध्ये टाकलेली आहेत. शासकीय साठ्यातली गोळी खाजगी हत्यारात जाऊ नये, हा त्यामागचा साधा हिशेब आहे. त्याचा गोळीच्या ताकदीशी थेट संबंध नाही, आणि म्हणूनच ‘सरकारने आपल्याला मुद्दाम दुबळे हत्यार दिले’ ही नेहमीची तक्रार मला अर्धवट वाटते. प्रतिबंधित बोअरचा परवाना केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतो. आपल्या हातात जो कागद आहे त्यावर व्यवहारात बहुतेकांसाठी दोनच बोअर उरतात, .३२ आणि .२२.

दुसरी गोष्ट दुकानात कोणी समजावून सांगत नाही. ‘.३२’ या एकाच नावाखाली दोन निराळी काडतुसे आहेत. रिव्हॉल्व्हरचे काडतूस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ते १८९६ चे आहे, त्याचे कवच २३ मिमी लांबीचे असते आणि त्याला पूर्ण रिम असते. पिस्तुलाचे काडतूस म्हणजे .३२ एसीपी. ब्राउनिंगने ते १८९९ च्या सुमारास आणले आणि त्याचे कवच १७ मिमीचे आहे. दुसऱ्याची रिम अगदी पुसट असल्यामुळे काही रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या नळकांड्यात, ते बसते आणि काही महाभाग ते उडवूनही पाहतात. असे कधीही करू नये. एसीपीचा दाब लाँगच्या दाबापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त असतो, आणि मध्ये मोडून उघडणाऱ्या जुन्या चौकटीच्या रिव्हॉल्व्हरला तो सोसवेलच याची शाश्वती नसते. काडतूस घेताना नळीवर काय कोरले आहे ते स्वतः वाचावे.

आता ताकदीविषयी. रिव्हॉल्व्हरची साडेसहा ग्रॅमच्या आसपासची शिशाची गोळी सेकंदाला सुमारे २१५ मीटर वेगाने निघते, म्हणजे तिची ऊर्जा साधारण १५० जूल होते. एसीपीची गोळी हलकी, साडेचार ग्रॅमच्या थोडी वर, पण वेग २७५ मीटरच्या आसपास असल्याने तिची ऊर्जा १७५ जूलपर्यंत जाते. ९ मिमीची आठ ग्रॅमची गोळी पाचशे जूलच्या जवळ पोहोचते आणि गंमत अशी की .४५ ची जवळजवळ दुप्पट वजनाची गोळीही, वेग कमी असल्यामुळे, तेवढ्यावरच येऊन थांबते. म्हणजे शंभर वर्षे ज्यावर अमेरिकी लोक हमरीतुमरीवर येत आले ती दोन काडतुसे कागदावर जवळपास सारखी आहेत, आणि आपली दोन्ही .३२ त्यांच्या एक तृतीयांश आहेत. हे झाकण्यात अर्थ नाही.

पण या आकड्यांवरून माणूस किती ‘थांबतो’ हे काढता येत नाही. हातबंदुकीच्या गोळीने माणूस मागे फेकला जात नाही. तसे फक्त पडद्यावर होते. मेंदू किंवा मणका यांना इजा झाली तर शरीर तत्काळ कोसळते. अन्यथा रक्तस्राव होऊन रक्तदाब उतरेपर्यंत वेळ जातो, आणि हृदयाला नेमकी गोळी लागली तरी दहा-पंधरा सेकंद हालचाल चालू राहू शकते. उरलेल्या बहुतेक वेळा समोरचा घाबरून किंवा वेदनेने थांबतो, आणि तिथे बोअरचा आकडा त्याला ठाऊकही नसतो.

म्हणून गोळी कुठे लागते आणि किती खोल जाते, या दोनच प्रश्नांना वजन आहे. खोलीचा धडा एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेला ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत मिळाला. दोन दरोडेखोरांशी झालेल्या त्या चकमकीत दोन एजंट मारले गेले आणि पाच जखमी झाले. त्यांतल्या एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ मिमीची पसरणारी (अंगात शिरल्यावर तोंड फुलणारी) गोळी लागली होती. ती दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली, आणि तो माणूस त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. त्यातून मांसाऐवजी चाचणीला वापरतात त्या जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच खोली हा निकष पक्का झाला, संस्था १० मिमीकडे वळली, त्याचा धक्का अनेकांना झेपेना म्हणून १९९० च्या दशकात .४० कडे गेली आणि २०१५-१६ च्या सुमारास पुन्हा ९ मिमीवर आली. गोळ्यांची रचना सुधारली होती, आणि कमी धक्क्याच्या हत्याराने लोकांचा नेम चांगला बसत होता. ‘मोठा बोअर म्हणजे मोठी सुरक्षा’ असे मानणाऱ्यांनी हा तीस वर्षांचा वळसा डोळ्यांसमोर ठेवावा.

आपल्याकडे .३२ मध्ये सहसा साधी शिशाची किंवा पूर्ण आवरणाची गोळी मिळते, आणि विलायती पसरणाऱ्या गोळ्या मिळत नाहीत म्हणून पुष्कळजण हळहळतात. या बोअरमध्ये मला ते नुकसान वाटत नाही. एवढ्या कमी ऊर्जेची गोळी पसरली की उथळच राहते. न पसरणारी निदान पुरेशी आत जाते. मात्र ती आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू शकते, आणि आपल्या घरांत आणखी एक धोका आहे. अमेरिकी चर्चा जिप्समच्या पोकळ भिंती गृहीत धरते. आपली विटांची भिंत .३२ ला अडवते, पण सिमेंटचा गिलावा, शहाबादी फरशी आणि लोखंडी गज यांवरून गोळी उसळून कुठेही जाते. बागेतल्या घरात पत्र्याच्या शेडपलीकडे मजूर झोपत असतील तर त्या दिशेला हत्यार रोखायचेच नाही, हे आजच ठरवून ठेवा.

मग रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? नवीन माणसाला मी रिव्हॉल्व्हरच सुचवतो. ते महिनोन्महिने कपाटात राहिले तरी त्याच्या स्प्रिंगवर ताण नसतो, आणि एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढल्यावर सिलिंडरमधले पुढचे काडतूस समोर येते. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या धर्तीवर मधून मोडून उघडते. रिकामी कवचे एकदम बाहेर पडतात. २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ याच घराण्यातले, टायटॅनियम मिश्रधातूचे, अर्ध्या किलोच्या आसपासचे. मात्र हलके हत्यार बाळगायला सोपे आणि झाडायला कठीण असते, हे विसरू नये. घोडा आधी न ओढता थेट चाप दाबला की तो जड लागतो आणि नवख्याचा नेम हमखास डावी-खाली घसरतो.

‘अशनी’सारख्या .३२ पिस्तुलात गोळी थोडी वेगवान, आकार चपटा आणि धक्का सौम्य. पण वरचा भाग मागे ओढायला स्प्रिंग चांगलीच कडक असते, कारण या रचनेत गोळीच्या धक्क्याला ती आणि त्या वरच्या भागाचे वजनच अडवते. घरातली वडीलधारी व्यक्ती तो भाग ओढू शकते का, हे दुकानातच पाहावे. शिवाय ती पुसट रिम मॅगझीन भरताना खालच्या काडतुसाच्या रिममागे अडकली, तर पिस्तूल नेमके नको तेव्हा रुसते. माझ्या एका स्नेह्याचे पिस्तूल क्लबात पाच फैरींत दोनदा अडकले. दोष हत्याराचा नव्हता, काडतुसे बारा वर्षे त्याच कपाटात, प्रत्येक पावसाळा पाहत पडून होती.

.२२ विषयी थोडक्यात: ठिणगीचे द्रव्य रिममध्ये असल्याने फुसके निघण्याचे प्रमाण जास्त, ऊर्जा आणखी कमी. ज्याच्या मनगटाला .३२ सोसत नाही त्याच्यासाठीच ते संरक्षणाला ठीक आहे. सरावासाठी मात्र त्याला तोड नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण .२२ वरच मिळवले. आणि ज्या .३२ लाँगला आपण कमी लेखतो, तेच काडतूस सपाट तोंडाच्या गोळीसह जगभरचे नेमबाज २५ मीटर सेंटर फायर (ठिणगीचे द्रव्य बुडाच्या मध्यभागी असलेल्या काडतुसांच्या) स्पर्धेत वापरतात, कारण ते अत्यंत अचूक आहे.

सरावाची अडचण मला मान्य आहे. वर्षाला किती आणि एका वेळी किती काडतुसे घेता येतील हे परवान्यावरच लिहिलेले असते, त्यामुळे दर आठवड्याला पन्नास फैरी हा अमेरिकी सल्ला इथे निरुपयोगी आहे. क्लबात १० मीटर एअर पिस्तुलावर चाप दाबण्याची शिस्त बसवावी, घरी रिकाम्या हत्याराने, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, पकड घोटावी, आणि परवान्यातल्या काडतुसांपैकी निम्मी दरवर्षी मैदानावर संपवून ताजी आणावीत.

कायद्याचे एकच वाक्य. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ प्रमाणे बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्कच उरत नाही. बागेतून द्राक्षाचे क्रेट घेऊन पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडली तर बोअर कोणताही असो, आपण आरोपी ठरू शकता.

आपण हाताचा आकार, मनगटाची ताकद आणि घरात दुसरे कोण हत्यार हाताळणार हे कळवलेत, तर रिव्हॉल्व्हरमध्ये कोणत्या लांबीची नळी घ्यावी ते सांगता येईल. तोवर बयाणा देऊ नका, आणि दुकानदाराकडून दोन्ही हत्यारे रिकामी करून घेऊन, जमिनीकडे तोंड ठेवून, प्रत्येकाचा चाप दहादा दाबून पाहा. सातव्या-आठव्या वेळी बोट थरथरू लागले तर ते हत्यार तिथेच ठेवून या.