पाऊस, वारा आणि दुर्बीण

प्रश्न : गेल्या सुट्टीत बेटावर चार दिवस होतो. त्यातले तीन दिवस वाऱ्यापावसात गेले, दुर्बीण पिशवीतच राहिली. पुन्हा जातोय. अशा हवेत पक्षी पाहायला बाहेर पडण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : अहो, पिशवीत ठेवलीत तिथेच घोळ झाला! वारा समुद्राकडून जमिनीकडे जोरात येत असला, की एरवी दूर क्षितिजावर उडणारे शिअरवॉटर, पेट्रेल हे समुद्रपक्षी किनाऱ्याजवळ ढकलले जातात. भिंतीचा आडोसा धरून तासभर बसा. लाटा फुटतात त्या खडकांवर मात्र जाऊ नका.

स्थलांतराचा हंगाम असेल तर मग चंगळच. रात्री समुद्र ओलांडणारे इवलेसे पक्षी पावसात सापडले, की दिसेल त्या पहिल्या जमिनीवर उतरतात. अशाच एका सकाळी हॉटेलमागच्या कचराकुंडीपाशी (पक्षीनिरीक्षकाला जागेची लाज नसते) मला पर्णवटवट्या दिसला. पिसं भिजून चिकटलेली, पंख लोंबते. माझ्यापासून दोन हातांवर पानाखालचे किडे टिपत होता. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अशा दमलेल्या जिवाच्या फोटोसाठी मागे लागू नका, खाऊ द्या त्याला. वारा लागत नाही त्या, आडोशाच्या बाजूची झुडपं आधी बघा, पाऊस थांबल्याथांबल्या.

दुर्बीण आठपटीची घ्या, दहापटीची वाऱ्यात फार हलते. आणि भिंगावरचं खारं पाणी शर्टानं पुसू नका. मी पुसलं होतं, ओरखडे अजून आहेत.