मुलगी कॅथलिक शाळेत जाणार आहे, आम्ही कॅथलिक नाही. प्रार्थना आणि 'कृतज्ञता वही' यातून तिला सूट मागावी का?

मागू नका. निदान पहिल्या दिवशी तरी नको.

आठवीपासून मुलीला रोज सकाळी प्रार्थनेला उभं राहावं लागणार, अधूनमधून मिस्सा, म्हणजे त्यांची सामूहिक उपासना असणार, शिवाय ज्यांचे आभार मानावेसे वाटतात ते रोज एका वहीत लिहायचं, यातून तिच्यावर धर्म लादला जाईल का, असं तुम्ही विचारलंय. मी सिस्टरांच्या शाळेत शिकले. कॅथलिक नव्हते, आजही नाही. माझ्यावर धर्म कोणी लादला नाही. कृतज्ञता मात्र लादली, आणि ती मला अजून खुपते. म्हणून लिहायला बसले.

नववीत होते तेव्हा माझे बाबा अंथरुणाला खिळले. शाळेच्या चॅपलच्या, म्हणजे आवारातल्या छोट्या प्रार्थनाघराच्या दाराशी एक लाकडी पेटी असायची. कोणासाठी प्रार्थना हवी असेल तर चिठ्ठीवर लिहून आत टाकायची, स्वतःचं नाव घालायचं नाही. तोवर मी त्या बाजूला फिरकलेही नव्हते. एकदा मधल्या सुट्टीत गणिताच्या वहीचं पान फाडलं, 'माझ्या बाबांना उठून बसता येऊ दे' एवढंच लिहिलं आणि घड्यांवर घड्या घातल्या. चिठ्ठी इतकी जाड झाली की फटीतच अडकली. पेन्सिलीच्या टोकानं ढकलावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापिका सिस्टर माइकवर म्हणाल्या, "आपल्यातल्या एकीचे बाबा आजारी आहेत. त्यांना उठून बसता यावं म्हणून आपण एक मिनिट शांत उभं राहू या." सगळं मैदान गप्प झालं. माझ्या पुढच्या मुलीशी माझा आठवडाभर अबोला होता. ती मान खाली घालून, डोळे गच्च मिटून उभी होती. आपण कोणाच्या बाबांसाठी उभ्या आहोत हे तिला ठाऊक नव्हतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कोणी मागे वळून पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते.

मला त्या शाळेनं काय दिलं असं कोणी विचारलं तर मी ते एक मिनिट सांगते.

पुढे माझी फी माफ झाली. वर्ष संपताना उपकारस्तुतीची मिस्सा झाली आणि त्यानंतर सभागृहात कार्यक्रम. फी माफ झालेल्या मुलींनी एकेक करून स्टेजवर यायचं, नाव आणि वर्ग सांगायचा, हातातल्या कार्डावरून देणगीदारांचे आभार वाचायचे. मी म्हटलं, पत्र लिहून देते, स्टेजवर नको. सिस्टरांनी ऑफिसात बोलावून घेतलं. कृतघ्नता हे सगळ्या पापांचं मूळ आहे, असं संत इग्नेशियसनी लिहून ठेवलंय, म्हणाल्या. (जेझुइट संघ स्थापन करणारे हे संत. खरंच लिहिलंय, 1542 च्या एका पत्रात. मी मोठेपणी शोधून वाचलं.) नववीतल्या मुलीनं यावर काय बोलायचं? मी वाचलं. कार्डाचा कोपरा घामानं इतका भिजला की शेवटच्या ओळीतली शाई फुटली होती.

मैदानात माझ्या पुढे उभी होती त्या मुलीशी माझा अबोला तेव्हा सुटलेला होता. पण त्या दिवसानंतर ती मुलगी माझ्याशी पुन्हा कधी भांडली नाही. जपून बोलायला लागली. भांडण परवडलं असतं.

माझा दादा आजही म्हणतो, "वर्षाची फी सुटली, दोन ओळी वाचल्या तर काय बिघडलं?" त्याचं-माझं यावरून अनेकदा वाजलंय, म्हणून माझं उत्तर तयार आहे आणि ते सिस्टरांच्याच बायबलमधलं आहे. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात, आभार मानायला एकच परत येतो, आणि तोही शोमरोनी, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं परका. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो जरूर. पण त्या नऊ जणांचा रोग कोणी परत आणत नाही. परत आलेल्यालाही कोणी बोलावणं धाडलेलं नव्हतं. आभार हे असे आपल्या पायांनी चालत यावे लागतात. मिस्सेला युकॅरिस्ट म्हणतात, त्या ग्रीक शब्दाचा अर्थच आभार मानणं. ज्यांची मुख्य उपासनाच आभाराची आहे, त्यांनी ते एका पोरीकडून वसूल करायचे?

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर सिस्टरांवर अन्याय होईल. फीमाफीसाठी आमच्या घरून कोणी अर्ज केलाच नव्हता. शाळा सोडल्यावर बऱ्याच वर्षांनी आमच्या जुन्या बाई भेटल्या, त्यांच्याकडून कळलं. चिठ्ठीवरचं अक्षर सिस्टरांनी ओळखलं होतं, आणि अर्ज त्यांनी स्वतःच भरून दिला होता. ज्या बाईनं माझं नाव सगळ्या मैदानापासून जपलं, तिनंच ते माइकवर घ्यायला लावलं. पहिल्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. दुसरं चूक होतं, आणि दादानं कितीही समजावलं तरी चूकच राहणार.

तर तुमच्या मुलीचं. प्रार्थनेला शांत उभं राहणं पुरेसं असतं. क्रूसाची खूण करायची, 'आमेन' म्हणायचं, हे तिनं ठरवावं. मिस्सेत ख्रिस्तप्रसाद (पवित्र मानलेली भाकर) घ्यायला कॅथलिक नसलेल्यांनी जायचंच नसतं, तिनं जागेवर बसून राहावं, त्यात कमीपणा नाही. कोणी आग्रह केलाच तर न घाबरता बोला. श्रद्धेच्या बाबतीत कोणावर सक्ती करू नये, हे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 सालीच लिहून ठेवलंय, आणि शाळेतल्या फादर-सिस्टरांना ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

शाळेला विचारायचं ते वेगळंच. ती वही कोण वाचतं? वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायला लावतात का? मदत मिळालेल्या मुलांची नावं कुठे लागतात का? याची उत्तरं गुळमुळीत आली तर तिथे मात्र अडून बसा.

अर्थात सगळ्या शाळा सारख्या नसतात, आणि मी सांगतेय ती जुनी गोष्ट आहे. तुमच्या शाळेत यातलं काहीच नसेल, असंही होईल. वहीलाही माझा विरोध नाही. इग्नेशियसनी घालून दिलेलं रोजचं आत्मपरीक्षणही दिवसभरात मिळालेल्याबद्दल आभार मानूनच सुरू होतं, आणि ते माणूस मनातल्या मनात करतो. वहीत रोज बसचालकाचं नाव आलं आणि तुमचं महिनाभर आलं नाही, तर तिला टोकू नका. खरं तर ती वही तुम्हीसुद्धा उघडू नका.