पिसं गळणारे बजी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

(या वेळी सोलापुरातून आलेली पत्रं बहुतेक एकाच आजाराबद्दल आहेत: पिसांचा आणि चोचीचा संसर्गजन्य रोग, म्हणजे पीबीएफडी. पत्रांत कुणी 'लव्हबर्ड' लिहिलंय, कुणी 'बजी'. वर्णनावरून सगळे बजीच (बजरिगर, छोटे ऑस्ट्रेलियन पोपट) आहेत, म्हणून उत्तरांत तोच शब्द ठेवला आहे.)

प्रश्न : आमच्याकडे सहा लव्हबर्ड एकाच पिंजऱ्यात आहेत. दोघांची शेपटी आणि पंखातली लांब पिसं गळाली. पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली पिसं गोळा करून लॅबला पाठवली, तर पीबीएफडी पॉझिटिव्ह आलं. दुकानदार म्हणतो, दोघांना संपवा, नाहीतर बाकीचे जातील. काय करावं? — वाचक, जुळे सोलापूर

आधी एक गोष्ट: या रिपोर्टवर कुणालाही संपवू नका. तळाशी पडलेलं पीस कुणाचं ते कळत नाही. त्यावर सगळ्या पिंजऱ्याची धूळ बसलेली असते आणि पीसीआर चाचणी (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी) त्या धुळीतला विषाणूसुद्धा पकडते. विषाणू पिंजऱ्यात आहे, एवढंच या रिपोर्टवरून कळतं. तो कुणाच्या अंगात आहे हे कळत नाही.

डॉक्टरांकडून सहाही पक्ष्यांचं रक्त घ्या. एक-दोन थेंब पुरतात. सोबत पिसं द्यायची तर गळालेली नकोत, अंगावरून उपटलेली, मुळासकट दोन-तीन द्या. मुळाला बोट लावू नका. प्रत्येक पक्ष्याचं पाकीट वेगळं ठेवा आणि त्यावर पायातल्या रिंगचा नंबर किंवा रंग लिहा. पक्ष्यांची डीएनए लिंगचाचणी करणाऱ्या खासगी लॅब बहुधा ही चाचणीही करतात, आणि नमुना कुरिअरने जातो.

रिपोर्ट असा वाचायचा. पिसं बिघडलेली आहेत आणि रक्तही पॉझिटिव्ह आहे, तर आजार आहे असं धरून चाला. पक्षी दिसायला ठणठणीत आणि रक्त पॉझिटिव्ह असेल, तर ९० दिवसांनी पुन्हा तपासा. दुसरी चाचणी निगेटिव्ह आली, तर त्याच्या शरीराने विषाणू बाहेर काढला, आणि असं होतं. दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आला, तर तो कायमचा वाहक, म्हणजे विषाणू अंगात बाळगून पसरवणारा, समजायचा. रक्त निगेटिव्ह पण पिसं स्पष्ट बिघडलेली, असंही कधी निघतं. तेव्हाही चाचणी पुन्हा करावी लागते.

पिसं बिघडली म्हणजे काय, तर गळालेलं पीस उजेडात धरून बघा. देठ मुळाजवळ चिमटल्यासारखा बारीक झालेला असतो, आत वाळलेल्या रक्ताची काळपट रेघ असते, आणि नवं पीस आवरणातून नीट सुटत नाही किंवा वाकडं येतं. नेहमीच्या पीसगळीत दोन्ही पंखांतून थोडी थोडी पिसं जातात आणि देठ स्वच्छ असतो. नवी पिसंही लगेच डोकावतात. टक्कल पडत नाही.

दोघांना वेगळ्या खोलीत हलवा. दाणा-पाणी आधी चौघांचं, मग दोघांचं. वाट्या, कापड, ब्रश वेगळे ठेवा. दोघांचं काम झालं की हात साबणाने धुवा, सदरा बदला, आणि त्यानंतर चौघांकडे फिरकू नका. चौघांनी ती धूळ आधीच खाल्ली आहे हे खरं, पण लागण किती जोरात होते ते विषाणू किती अंगावर येतो यावरही ठरतं, म्हणून वेगळं करणं वाया जात नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला तीन आठवडे लागतात, कधी कित्येक महिने. तोवर घरात नवा पक्षी आणू नका आणि घरातला कुणाला देऊ नका.

आजार आहेच असं ठरलं, तरी बजींमध्ये तो काकाटू या तुरेवाल्या पोपटांइतका निर्दय नसतो. (हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला तो ऑस्ट्रेलियातल्या काकाटूंमध्येच, १९७० च्या दशकात.) पुष्कळ बजी न उडता पण खातपीत, बडबडत काही वर्षं काढतात. विषाणू प्रतिकारशक्तीवर घाव घालतो, त्यामुळे मृत्यू बहुधा दुसऱ्याच संसर्गाने येतो. पक्षी खात नसेल, वजन सावरत नसेल, चोच तडकून दाणा फोडता येत नसेल, तर दयामरणाचं डॉक्टरांशी बोला. ते दुकानदाराशी बोलायचं काम नव्हे.

प्रश्न : पिंजरा फिनेलने धुतला तर चालेल का? आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे सारखं धुणं जमत नाही. — वाचक, अशोक चौक

फिनेल नको. त्याच्या वाफा पक्ष्याच्या फुप्फुसाला घातक आहेत आणि या विषाणूचं त्याने फारसं वाकडं होत नाही. डेटॉलसारखी जंतुनाशकं आणि अल्कोहोलचं सॅनिटायझर यांचंही तेच. या विषाणूला चरबीचं आवरण नसतं. बरीच जंतुनाशकं विषाणू मारतात ती ते आवरण फोडून, इथे फोडायला काही नाहीच. म्हणूनच तो बाहेर धुळीत महिनोन्महिने टिकतो.

पाणी कमी लागेल असा क्रम सांगतो. पक्षी दुसऱ्या खोलीत न्या आणि पंखा, कूलर बंद करा. तळाच्या वर्तमानपत्रावर फवारणीच्या बाटलीतून पाणी मारा, कागद ओला झाला की कडा आत घेत गुंडाळा आणि पिशवीत बांधून टाका. सुका झाडू अजिबात नको, कारण धूळ उडते ती याच पायी. व्हॅक्युम क्लीनरही आतली बारीक धूळ मागून बाहेर फेकतो. मग अर्धा लिटर साबणपाण्यात कापड बुडवून गज, ट्रे, कोपरे घासून पुसा. हा टप्पा टाळू नका. शीट, पिसं, दाण्याची टरफलं चिकटलेली असतील, तर पुढचं औषध त्यांच्यावरच खर्ची पडतं.

आता ब्लीच. घरगुती सोडियम हायपोक्लोराइट साधारण ४ ते ५ टक्के असतं. ५० मिलिलिटर ब्लीच आणि ४५० मिलिलिटर पाणी, एवढं एका पिंजऱ्याला पुरतं. कापडाने फासा आणि १० मिनिटं पृष्ठभाग ओला ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे दोन मिनिटांत वाळतो, तेव्हा पुन्हा फासावं लागतं. नंतर दोनदा साध्या पाण्याने पुसून उन्हात ठेवा. वास पूर्ण गेल्याशिवाय पक्षी आत सोडू नका. द्रावण दर वेळी ताजं करा. ब्लीचची बाटली उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवली, तर आतलं औषध मरतं आणि राहतं नुसतं वासाचं पाणी. टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. जस्ताच्या तारा ब्लीचने गंजतात. त्याऐवजी कुक्कुटपालनाच्या औषधांच्या दुकानात पोटॅशियम पेरॉक्सिमोनोसल्फेटची गुलाबी पावडर मिळते. ती लिटरला १० ग्रॅम घ्यायची, तीही १० मिनिटं.

अंडी घालायची मडकी, करवंट्या, लाकडी दांड्या, सुतळीची खेळणी टाकून द्या. सच्छिद्र वस्तू आतपर्यंत निर्जंतुक होत नाही. रात्री पिंजऱ्यावर चादर टाकत असाल, तर तीही थांबवा. आपली सोलापुरी चादर जाड विणीची, धूळ धरून ठेवते. जुनी सुती साडी चालेल, दर दोन दिवसांनी गरम पाण्यात धुता येते.

रोज कागद, एक दिवसाआड ओलं पुसणं आणि आठवड्याला एकदा ब्लीच. एवढं झालं तर पाणी कमी असूनही निभतं.

प्रश्न : बारा जोड्या आहेत. गेल्या दोन विणींत पिल्लं दहा-पंधरा दिवसांची होऊन पोट फुगून मेली. जगली त्यांच्या पंखाला पिसं नाहीत, जमिनीवर पळतात. मोठे पक्षी चांगले आहेत. हा पीबीएफडीच का? — वाचक, बाळे

चित्र पॉलिओमा या दुसऱ्याच विषाणूचं जास्त वाटतं. बजींच्या पिल्लांमधला हा आजार १९८१ मध्ये ओळखला गेला. पंधरवड्याच्या आतली मरतूक, फुगलेलं पोट, वाचलेल्यांची पंख-शेपटीची पिसं खुंटणं आणि मोठे पक्षी ठणठणीत, हे सगळं त्यात बसतं. पण पळणारी पिल्लं पीबीएफडीतही दिसतात आणि दोन्ही एकत्रही असू शकतात. लॅबकडून दोन्ही चाचण्या मागा. पुढचं पिल्लू मेलं तर पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको, गोठल्याने पेशी फुटतात. २४ तासांच्या आत डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या. पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठायचं तर उदगीर आहे, पण आधी फोन करून विचारा.

तोवर आजच सगळी मडकी काढा. सहा महिने एकही वीण नको. धंदा बसेल हे दिसतंय, पण या आजाराची साखळी नव्या पिल्लांवर चालते. मोठे पक्षी लक्षण न दाखवता विषाणू सोडत राहतात आणि हळूहळू त्यातून मोकळे होतात. मध्ये कोवळी पिल्लं मिळाली नाहीत की साखळी तुटते. दोन-तीन महिन्यांत मडकी परत टांगणाऱ्याच्या हाती पहिलाच निकाल पुन्हा येतो.

पळणारी पिल्लं 'पंख येतील हळूहळू' म्हणून स्वस्तात विकू नका. काहींना खरंच येतात, पण त्याआधी ती घेणाऱ्याच्या घरातले पक्षी आजारी पाडतात.

प्रश्न : दुकानातून पाण्यात टाकायची पिवळी पावडर आणि मानेवर सोडायचं थेंबाचं औषध दिलं. देऊ का? — वाचक, विजापूर रोड

पुडीवर नाव असेल तर वाचा. बहुतेक वेळा ते टेट्रासायक्लिन असतं. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. शिवाय पाणी कडू लागल्याने पक्षी कमी पितो, आणि पिंजऱ्यात समुद्रफेस असेल तर त्यातलं कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं. म्हणजे उपयोग नाही आणि तहान मात्र खरी. डॉक्टरांनी दुसऱ्या संसर्गासाठी दिलं तर ते चोचीत, मोजून.

थेंबाचं औषध जास्त धोक्याचं. ते बहुधा गुराढोरांचं आयव्हरमेक्टिन असतं, १ टक्का, म्हणजे मिलिलिटरला १० मिलिग्रॅम. ३५ ग्रॅमच्या बजीला लागतं सुमारे ०.००७ मिलिग्रॅम. बाटलीतल्या एका थेंबात अर्धा मिलिग्रॅम असतं, म्हणजे सत्तरपट. चोचीच्या कडेला, डोळ्याभोवती मधमाशीच्या पोळ्यासारखे खड्डे असलेली पांढरी खपली असेल तर तो किडीचा त्रास असतो. तिथे हेच औषध लागतं, पण पक्ष्यासाठी पातळ केलेलं आणि डॉक्टरांच्या हातचं.

प्रश्न : आमच्या बजीच्या अंगावर निम्मी पिसं उरली आहेत. उन्हाळा-हिवाळ्यात कसं सांभाळायचं, खायला काय द्यायचं? — वाचक, होटगी रोड

पिसं कमी म्हणजे त्याला उकडणार नाही, असं वाटतं. तसं नाही. पिसं ऊनही अडवतात. पारा चाळिशीच्या वर गेला की उघड्या कातडीचा पक्षी लवकर तापतो. चोच उघडी, पंख अंगापासून लांब धरलेले, धाप लागलेली, हे दिसलं की पिंजरा घरातल्या सर्वांत थंड भिंतीशी न्या आणि पसरट वाटीत बोटभरही नाही इतकं पाणी ठेवा. कूलरचा झोत थेट नको. पत्र्याच्या खोलीत दुपारी पक्षी ठेवूच नका.

थंडीत पिंजऱ्याच्या एका टोकाला, बाहेरून २०-२५ सेंटिमीटरवर ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावा. एलईडी उष्णता देत नाही. त्या टोकाला २८ ते ३० अंश आणि दुसरं टोक थंड, म्हणजे पक्षी आपली जागा आपण निवडतो. तापमापक लावा, अंदाजावर जाऊ नका.

उडता येत नसेल तर दांड्या तळापासून ८-१० सेंटिमीटरवर आणा आणि खाली टॉवेल अंथरा. पडून कोवळं, रक्त भरलेलं पीस तुटलं तर जागेवर कॉर्नफ्लॉवर दाबून दोन-तीन मिनिटं धरा. एवढ्याशा पक्ष्याच्या अंगात रक्त असतं साधारण तीन मिलिलिटर, म्हणून थांबत नसेल तर वाट बघू नका.

राळे आणि बाजरी रोज दीड-दोन चमचे. सोबत मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर. आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा, कारण पीस प्रथिनांचंच बनतं. चोच दुखत असेल तर राळे रात्रभर भिजवून, धुऊन द्या. उन्हाळ्यात भिजवलेला दाणा दोन तासांत काढून टाका, आंबतो. रोज सकाळी दाण्याआधी ग्रॅमच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. ३५ ग्रॅमचा पक्षी ३२ वर आला की त्याच दिवशी डॉक्टर. दाण्याच्या वाटीवर फुंकर मारा. वर टरफलंच असतात आणि वाटी भरलेली दिसते. पक्षी उपाशी राहतो तो असा.

प्रश्न : मी सातवीत आहे. बजीचा आजार मला होईल का? आई म्हणते त्याला सिद्धेश्वर तळ्याकाठी सोडून देऊ. — वाचक, नवी पेठ

हा आजार माणसांना होत नाही. पण पक्ष्यांच्या धुळीतून दुसरा एक आजार, सिटॅकोसिस, माणसांना होऊ शकतो. म्हणून पिंजरा साफ करताना मास्क लाव आणि नंतर हात धू. घरात कुणाला ताप, खोकला आला तर डॉक्टरांना सांगायचं की घरात पक्षी आहे.

सोडू नका, हे आईला सांग. बजी मूळचा ऑस्ट्रेलियाचा. न उडणारा बजी इथे बाहेर एक दिवसही टिकायचा नाही. आणि आपल्या झाडांवरचे हिरवे पोपट त्याच्याच गटातले, त्यांना हा रोग लागतो.

प्रश्न : आजारी जोडीतला एक गेला. दुसरा एकटा पडलाय. नवा आणू का? — वाचक, सात रस्ता

निरोगी पक्षी त्याच्यासोबत ठेवू नका. कुणाकडे असाच दोनदा पॉझिटिव्ह आलेला एकटा बजी असेल तर जोडी लावता येते, मात्र अंड्याला जागा द्यायची नाही. तसा मिळाला नाही तर पिंजरा घरच्यांची ये-जा असते त्या खोलीत ठेवा. स्वयंपाकघरात नको, नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. उदबत्ती, धूप, डासांची कॉइलही त्या खोलीत लावू नका.